गाडी उठत नाही : बालाघाटावरची थंडी आणि जुन्या मोटारी

आमच्या भागात थंडीच्या पहाटे मोटार चालू होत नाही असे कोणी म्हणत नाही. गाडी उठत नाही, असे म्हणतात. हा शब्द बैलावरून आला असावा असे मला वाटते. गोठ्यात बसलेला बैल सकाळी उठला नाही तर घरातल्या माणसाच्या पोटात जो गोळा येतो, तोच रिक्षा-जीपवाल्याच्या पोटात सेल्फचा आवाज मंदावत गेला की येतो. आणि बैल उठला नाही तर शेतकरी जसा हवेला दोष देऊन थांबत नाही, त्याने काय खाल्ले, काल किती ओढले, खूर कसा आहे हे पाहतो, तसे मोटारीच्या बाबतीत मात्र होत नाही. तिथे ‘थंडीने’ एवढ्या एका शब्दावर चौकशी संपते. माझा सगळा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे.

लिंबागणेश हे बीड तालुक्यातले गाव, बालाघाटाच्या डोंगररांगेवर, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. श्रीभालचंद्राच्या मंदिरामुळे गणेशभक्तांना ते नाव ठाऊक असते. चतुर्थीला येथे गर्दी होते. बाकीच्या महाराष्ट्राला आमचा भाग ठाऊक आहे तो दुष्काळामुळे आणि ऊसतोडीमुळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, आणि मागे गावात म्हातारी माणसे, काही मुले आणि थोड्या गाड्या उरतात. थंडी पडते ती नेमकी त्याच महिन्यांत. धक्का मारायला चार दणकट माणसे गावात नसतात तेव्हाच गाडीला धक्का लागतो. हा योगायोग ज्यांनी भोगला आहे त्यांना पुढचा लेख का लिहिला हे सांगावे लागणार नाही.

आता थंडी किती, ते पाहू. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटेचा पारा बहुधा दहा-बारा अंशांच्या आसपास असतो; उत्तरेकडून गार वारे आले की आठापर्यंत किंवा त्याखाली उतरतो. निफाडकडे तो कितीतरी हिवाळ्यांत पाचाच्या खाली जातो, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण होतात. आमच्याकडे तसे काही नाही. बोचते, पण गोठवत नाही.

आणि ज्या इंजिनांना ही थंडी सोसत नाही असे आपण म्हणतो, ती मुळात कुठली आहेत? प्रीमियर पद्मिनी म्हणजे इटलीतल्या तुरीन शहराची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. १०८९ सीसीचे ते छोटे इंजिन. तुरीन आल्प्सच्या पायथ्याशी आहे, तिथे जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली जाणे ही बातमी नव्हे. अ‍ॅम्बेसेडर ही इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. महिंद्राच्या डिझेल जीपमध्ये कित्येक वर्षे जे २११२ सीसीचे इंजिन होते ते फ्रान्सच्या प्यूजोचे. बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमध्ये आणि पुढे ट्रॅक्समध्ये बसले ते मर्सिडीजचे ओएम ६१६, जर्मनीच्या परवान्याने पुण्याजवळ आकुर्डीला बनवलेले. (ती कंपनी उभी करणारे नवलमल फिरोदिया हे आमच्या शेजारच्याच, तेव्हाच्या अहमदनगरचे. बीड जिल्ह्यात ट्रॅक्स इतकी का रुजली याच्याशी या गोष्टीचा संबंध नाही, पण मला ती सांगायला आवडते.) तर इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी. या देशांत बर्फ पडतो. तिथे टॅक्सी म्हणून रोज पहाटे उठणारे इंजिन लिंबागणेशला आठ अंशांत उठत नाही, याचा अर्थ दोष आठ अंशांचा असू शकत नाही. थंडी फक्त तो उघडा पाडते.

हे म्हणणे नुसते तर्काचे नाही, थोडा हिशोब करून दाखवता येते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबली की हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. सायकलच्या पंपाचे टोक बोटाने बंद करून दांडा मारला की पंप गरम लागतो, तेच तत्त्व. जुन्या जीपच्या आणि ट्रॅक्सच्या इंजिनात हवा सुमारे एकविसाव्या-बाविसाव्या भागापर्यंत दाबली जाते. हे तापमान किती चढते ते काढण्याचे सूत्र कॉलेजच्या पुस्तकात मिळते. मी कॉलेजात ते शिकलो नाही, पण चाळिशीत एका जुन्या पुस्तकावरून शिकलो. सूत्रात एक घातांक असतो. उष्णता कुठेही न गळता सगळी हवेतच राहिली तर तो १.४ असतो, प्रत्यक्ष इंजिनात काही उष्णता गार भिंती शोषतात आणि काही हवा रिंगांच्या कडेने निसटते, म्हणून तो कमी धरावा लागतो. चांगल्या इंजिनासाठी आपण १.३५ धरू.

बाहेर २७ अंश असतील तर दाबाच्या शेवटी हवा साधारण ६१० अंशांवर पोहोचते. बाहेर ८ अंश असतील तर साधारण ५५५ अंशांवर. म्हणजे बाहेरच्या १९ अंशांच्या फरकाचे आत ५५ अंश झाले. तूट आहे, पण साडेपाचशे अंश डिझेल पेटायला पुरेत.

आता तेच इंजिन दोन लाख किलोमीटर चाललेले घ्या. रिंगा झिजल्या आहेत, बोअर मोठा झाला आहे, आणि बॅटरी दमलेली असल्यामुळे सेल्फ इंजिनाला सावकाश फिरवतो आहे. सावकाश फिरले की हवेला निसटायला आणि भिंतींना उष्णता खायला जास्त वेळ मिळतो. समजा घातांक १.२५वर आला. त्याच ८ अंशांच्या पहाटे दाबाच्या शेवटी हवा आता जेमतेम ३३५ अंशांवर जाते. थंडीने ५५ अंश नेले होते. झिजेने आणि संथपणाने त्यावर २२० नेले. मे महिन्यात हेच झिजलेले इंजिन चाळीस अंशांची हवा घेऊन कसेबसे उठते, कारण तिथे सुरुवातच वरून होते. म्हणून मालकाला वाटते गाडी ठणठणीत आहे. मग मार्गशीर्षात गाडी रुसते आणि दोष मार्गशीर्षावर येतो.

हा हिशोब ढोबळ आहे आणि प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा निघेल. पण कोणता दोष मोठा आणि कोणता लहान, हा क्रम बदलत नाही.

युरोपातल्या कारखान्यांनी अर्थातच थंडीचा विचार केला होता. प्यूजो आणि मर्सिडीजच्या त्या जुन्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न सोडता आधी एका लहान कोठडीत सोडत. त्यामुळे इंजिन गुळगुळीत चालते, आवाज कमी येतो. पण त्या कोठडीच्या भिंती गार असल्या की उष्णता फार शोषतात. म्हणून प्रत्येक कोठडीत एक हीटर प्लग दिलेला असतो. चावी अर्धी फिरवून थांबायचे, प्लगचे टोक लालबुंद, आठ-नऊशे अंशांपर्यंत तापू द्यायचे, आणि मग सेल्फ मारायचा. जुन्या पद्धतीच्या प्लगना तीस सेकंद, कधी त्याहून जास्त लागत.

हे तीस सेकंद आमच्याकडे कोणी देत नाही. पहिले कारण उतावळेपणा. दुसरे असे की आपल्या हवेत वर्षाचे दहा महिने हीटरशिवाय गाडी उठते, त्यामुळे एखादा प्लग जळाला तरी कळत नाही, दुसरा जळाला तरी कळत नाही, आणि गॅरेजमध्ये गेल्यावर मिस्त्री वायर काढून बाजूला बांधून टाकतो. फार जुन्या इंजिनांत चारही प्लग एकाच साखळीत जोडलेले असत. त्यात एक गेला की चारही गेले. नंतर आलेल्या पेन्सिलसारख्या प्लगना प्रत्येकाला स्वतंत्र वीज मिळते. तपासणी सोपी आहे. वायर सोडवून एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलेला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प प्लगच्या टोकाला टेकवायचा. दिवा लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर मेलेला. पाच मिनिटांचे काम. मी ज्या जुन्या जीपांचे हीटर असे तपासले त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांना आपल्या गाडीत हीटर आहे हेच ठाऊक नव्हते.

ज्या जीपांच्या मागे ‘डीआय’ लिहिलेले असे, कमांडरच्या ६५० आणि ७५० वगैरे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांत डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यात पडते, कोठडी नाही, भिंतींचे क्षेत्र कमी, म्हणून उष्णता कमी गळते आणि साध्या थंडीत हीटरची गरज पडत नाही. ट्रॅक्टरही बहुतेक असेच. काळी-पिवळीच्या धंद्यात डीआय गाड्या आल्यावर चालकांनी त्या हौसेने घेतल्या त्या मुख्यतः ॲव्हरेजसाठी, पण पहाटे पटकन उठतात हेही कारण होते. आवाज मात्र गिरणीसारखा.

आता बॅटरीकडे वळतो, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त गाड्या हिच्यामुळे बसतात. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे आम्ल यांच्यातली क्रिया गारठ्यात मंदावते हे खरे. पण आठ-दहा अंशांना चांगल्या बॅटरीची ताकद थोडीच कमी होते. शून्याच्या बऱ्याच खाली, उणे अठराच्या आसपास, ती निम्म्याहून खाली येते. आमच्या बॅटरीचा खरा शत्रू एप्रिल-मे आहे. चाळीस अंशांच्या वर हवा, त्यात बॉनेटखालची गरमी. आतल्या पट्ट्यांची झीज दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट वेगाने होते, पाणी उडून जाते, पट्ट्या उघड्या पडतात आणि उघड्या पडलेल्या भागावर पांढरा थर चढून तो भाग कायमचा निकामी होतो. उष्ण प्रदेशासाठी आम्ल मुद्दाम थोडे सौम्य ठेवण्याची पद्धत आहे ती याचसाठी. तरीही बॅटरी मरते ती उन्हाळ्यात, आणि कळते हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात तिच्याकडे कोणी जास्त मागितलेले नसते.

मागणी का वाढते? तेलामुळे. आपल्याकडे जुन्या गाडीत, विशेषतः इंजिन तेल खाऊ लागले की, घट्ट तेल टाकण्याचा रिवाज आहे. घट्ट तेलाने धूर कमी होतो, आवाज दबतो, गिऱ्हाईक खूश होते. पण तेच साधे चाळीस नंबरचे तेल चाळीस अंशांवरून दहा अंशांवर आले की सात-आठ पट घट्ट होते. सेल्फला त्या काकवीतून इंजिन फिरवायचे असते. म्हणून तो बॅटरीकडून जास्त वीज ओढतो, व्होल्टेज पडते, इंजिन सावकाश फिरते, हवा तापत नाही. सगळे दोष इथे एकमेकांच्या हातात हात घालतात. तेलाच्या डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’ असे लिहिलेले असते, त्यातला डब्ल्यू म्हणजे वजन असे पुष्कळांना वाटते. तो ‘विंटर’मधला डब्ल्यू आहे. असे तेल गारठ्यात पातळ तेलासारखे आणि तापल्यावर घट्ट तेलासारखे वागते. वीसचा तेलही उणे पंधरा अंशांपर्यंत सेल्फला फिरवू देईल अशा मोजमापाने ठरवलेला असतो. म्हणजे आपल्या आठ अंशांना तो पुरून उरतो. इथे खर्च काही नाही, फक्त दुकानात डबा वाचून घ्यायचा.

बॅटरी तपासायला साधा मीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पहाटे १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. नंतर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटरकडे पाहायचे. साडेनऊच्या खाली काटा कोसळला तर बॅटरी गेली किंवा जाण्याच्या वाटेवर आहे. बॅटरी नवी असूनही सेल्फ रडत असेल तर अर्थची वायर पाहावी. इंजिनापासून चासीपर्यंतची ती जाड पट्टी गंजलेली, अर्धी तुटलेली असते. तिच्याकडे पाहायचे कोणाला सुचत नाही, आणि नवी बॅटरी घेऊन झाल्यावर दोष तिथेच निघतो.

थंडीच्या नावावर खपणारा आणखी एक दोष म्हणजे ‘हवा घेतली’. डिझेलच्या नळीला, फिल्टरच्या वायसरला किंवा फीड पंपाच्या झडपेला बारीक फट असली की रात्रभरात डिझेल टाकीकडे मागे उतरते आणि नळीत हवा येते. सकाळी कितीही सेल्फ मारा, नोझलपर्यंत डिझेलच पोहोचत नाही. याची ओळख सोपी. हातपंपाने चार दाब दिले आणि गाडी लगेच उठली, तर तो दोष हवेचा. थंडीशी त्याचा काही संबंध नाही. हीच गाडी मे महिन्यातही सकाळी नखरे करत असणार, फक्त तेव्हा मालकाने दुसरे कारण दिले असेल.

डिझेल गोठते का, असे मला नेहमी विचारतात. हिमाचल-लडाखकडचे ट्रकवाले टाकीखाली शेगडी ठेवतात ते पाहून आलेले लोक विचारतात. डिझेलमध्ये मेण असते आणि फार गारठ्यात ते धरते हे खरे. भारतीय मानकात उन्हाळी आणि हिवाळी डिझेलची मर्यादा वेगळी आहे : फिल्टर तुंबण्याचे तापमान उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंत चालते, हिवाळ्यात ते ६ अंशांपेक्षा वर नसावे लागते. म्हणजे हिवाळ्यात पंपावर भरलेले डिझेल आमच्या आठ अंशांत चालायला हवे. फक्त उन्हाळ्यात भरून टाकीत किंवा ड्रममध्ये पडून राहिलेल्या डिझेलबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

पेट्रोल गाडीची अडचण उलटी. तिथे ठिणगी असते, पण जळायला वाफ लागते, आणि गारठ्यात पेट्रोलची वाफ कमी होते. एरवी एक भाग पेट्रोलला पंधराएक भाग हवा लागते. गार इंजिनात सोडलेल्या पेट्रोलचा थोडाच भाग वाफ होतो, उरलेले भिंतींवर ओले बसते, म्हणून पेट्रोल जास्त द्यावे लागते. हेच काम चोक करतो. फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यातल्या चालकाचा चोकवरचा हात हा एक गुण मानला जाई. किती ओढायचा, इंजिन पकडल्यावर किती सावकाश आत ढकलायचा, हे गाडीगणिक वेगळे. जास्त ओढला तर प्लग ओले होतात आणि पेट्रोलचा वास सुटतो. मग चोक पूर्ण आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, म्हणजे नुसती हवा जाऊन आतले ओले वाळते. दव पडलेल्या सकाळी डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि प्लगच्या वायरी कोरड्या फडक्याने पुसून घेणे हा उपाय मी सगळ्यांत आधी करायला सांगतो. फुकट आहे आणि पुष्कळदा तेवढ्याने भागते.

या पेट्रोलच्या गोष्टीत आमच्या जिल्ह्याचा एक धागा अनपेक्षितपणे येऊन मिळाला आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले पुष्कळसे साखर कारखान्यांतून येते, अलीकडे मक्यापासूनही. म्हणजे आमची टोळी दिवाळीत गाव सोडून जो ऊस तोडते, त्याचाच अंश पुढे गावात उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या टाकीत पडतो. आणि इथेनॉलचा स्वभाव थंडीला धार्जिणा नाही. त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या जवळजवळ अडीच पट उष्णता लागते. नुसते इथेनॉल साधारण पंधरा अंशांच्या खाली ठिणगीने पेटण्याइतकी वाफच देत नाही. ब्राझीलमध्ये हे फार आधी कळले. तिथे १९७९मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी मोटार बाजारात आली, तीही फियाटचीच. आणि तिथल्या अशा गाड्यांत पुढे पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी देत, केवळ गार सकाळी इंजिन उठवण्यासाठी.

वीस टक्के मिश्रणात इतकी अडचण येत नाही, कारण ऐंशी टक्के पेट्रोल वाफ द्यायला असते. पण जुन्या कार्बोरेटरची भोके शुद्ध पेट्रोलसाठी मोजून पाडलेली आहेत. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे पंधराऐवजी साडेतेरा भाग हवाच पुरते. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने हवा देत राहतो. मिश्रण पातळ पडते आणि चोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ धरावा लागतो. नव्या गाडीत संगणक हा फरक भरून काढतो. दुसरे म्हणजे इथेनॉल पाणी ओढते. टाकीत ओलावा शिरला असेल तर दिवसा ते सगळे एकत्र राहते, पण रात्री गारठ्यात मिश्रणाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटते आणि पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो. पेट्रोलची नळी तळाजवळूनच ओढते. महिन्यातून दोनदा लग्नकार्याला निघणाऱ्या हौशी पद्मिनीला हे बाधते, रोज चालणाऱ्या गाडीला सहसा नाही. म्हणून थंडीत टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत ओल्या हवेला जागा कमी उरते. आणि जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा हे इथेनॉल सोसणारे घालून घ्यावेत.

आता अघोरी उपायांबद्दल. डिझेलमध्ये भिजवलेला बोळा पेटवून हवेच्या तोंडाशी धरणे हा ट्रॅक्टरवाल्यांचा प्रसिद्ध उपाय. तो चालतो, आणि का चालतो हे वरच्या हिशोबावरून कळेल : आत जाणारी हवाच गरम झाली की झिजलेले इंजिनही पेटण्याच्या रेषेपलीकडे जाते. काही परदेशी बनावटीच्या ट्रॅक्टरांत कारखान्यानेच हवेच्या नळीत अशी छोटी ज्योत दिलेली असे, तिला थर्मोस्टार्ट म्हणत. फरक इतकाच की ती नळीच्या आत, मोजून दिलेली असते. बोळ्याने एअर क्लीनर पेटलेला मी पाहिला आहे. चेंबरखाली जाळ करणे त्याहून वाईट, कारण जुन्या इंजिनाच्या खाली तेल आणि डिझेल ओघळलेले असतेच. ईथरचा स्प्रे मारतात, तो हीटर प्लग असलेल्या इंजिनात कधीही मारू नये. लाल प्लगवर ईथर गेला की तो पिस्टनची वेळ पाहत नाही, रिंगा आणि हेड दोन्ही फोडतो. आणि सगळ्यांत शांत धोका : गारठा म्हणून शेडचे दार लावून आत इंजिन गरम करत बसणे. चोक ओढलेल्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त असतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोप आल्यासारखा जातो.

हँडलबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि पेट्रोल जीप यांच्या पुढच्या बंपरला हँडलसाठी भोक असे. विजेचा सेल्फ चार्ल्स केटरिंग यांनी तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅकवर तो आला. तरी आपल्याकडे हँडल पुढे कितीतरी दशके डिकीत राहिले. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती वळवायचा नाही, आणि खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. इंजिन उलटे मारले तर हात सुटून जातो. ज्यांनी अंगठा वळवला त्यांची मनगटे मोडली.

बालाघाटाने मात्र हँडलहून चांगली सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे उतार. इथले जुने जीपवाले संध्याकाळी गाडी घरासमोर लावत नसत, उताराला तोंड करून लावत, चाकाला दगड देत. पहाटे दगड काढायचा, गाडी वेग घेऊ द्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. सेल्फने फिरते त्याहून वेगाने इंजिन फिरते, म्हणून हवा तापते, म्हणून झिजलेले इंजिनही उठते. वर जो १.२५चा घातांक धरला तो अशाने पुन्हा वर चढतो, इतकेच. जुन्या डिझेल गाडीचा पंप निव्वळ यांत्रिक असतो. एकदा उठली की तिला बॅटरी लागत नाही, आणि बंद करायलाही दोरी ओढावी लागते. २०१४नंतर १०८ची रुग्णवाहिका आली. त्याआधी रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला किंवा सर्पदंश झालेल्याला मांजरसुंब्यामार्गे बीडला न्यायचे तर याच गाड्या होत्या. रुग्णाला आधी गाडीत झोपवून मग गाडी उतारावर सोडताना मी पाहिले आहे, कारण एकदा उठली की ती पुन्हा थांबवायची नसे.

उतारावर गाडी लावण्यातही एक बारकावा आहे, तो बहुतेक जुन्या चालकांना अनुभवाने ठाऊक होता. निरभ्र रात्री जमीन आणि पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतात. गार झालेली हवा जड होऊन ओढ्याकाठी, खळग्यात जाऊन साचते. म्हणून उताराच्या तळाशी लावलेली गाडी वर लावलेल्या गाडीपेक्षा जास्त गारठते. झाडाखाली लावली तर आकाश झाकले जाते, बॉनेटवर दवही कमी पडते. वाऱ्यात गाडी अधिक गारठते हा मात्र गैरसमज आहे. वारा माणसाला बोचतो कारण आपण आतून गरम असतो. बंद इंजिन वाऱ्यात लवकर थंड होते एवढेच, हवेपेक्षा जास्त थंड होत नाही. रात्री दहाला उभी केलेली गाडी पहाटे चारला निघायची असेल तर बॉनेटवर टाकलेले जाड गोणपाट किंवा वाकळ थोडी ऊब राखते. चालू करण्याआधी ती काढायची आठवण ठेवावी, पंख्यात गेली तर रेडिएटर जातो.

हा अंक हाती पडेल तेव्हा थंडी नुकती लागत असेल. जुनी गाडी असलेल्या वाचकाने या दिवसांत एकदा सकाळी, गाडीला हात लावण्याआधी, बॅटरीचे व्होल्टेज पाहावे, बॅटरीत पाणी पाहावे, अर्थची पट्टी हलवून पाहावी आणि डिझेल गाडी असेल तर हीटरच्या चार वायरी सोडवून टेस्ट लॅम्प लावावा. तेल बदलायची वेळ झाली असेल तर ती जानेवारीपर्यंत ढकलू नये. आणि मिस्त्रीने तरीही ‘थंडीमुळे’ असे सांगितले तर त्याला इतकेच विचारावे, की मग हीच गाडी दुपारी दोन तास उभी राहिल्यावर एका सेल्फमध्ये उठते की तेव्हाही दोन लागतात?